दर्शन, स्पर्शन, प्रश्न : दूरस्थ त्वचाचिकित्सा आणि रुग्णाचे निवेदन

१. विषयप्रवेश

वाग्भटाच्या ‘अष्टाङ्गहृदया’त रोग्याच्या परीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्य डोळ्यांनी पाहतो, हाताने चाचपतो आणि रोग्याला विचारतो. ही तिन्ही साधने एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी वापरली जातील, असे या विभागणीत गृहीत आहे. वैद्य आणि रोगी यांच्यात अंतर पडले की या गृहीताला बाध येतो. स्पर्शन अशक्य होते, दर्शन कोणत्या तरी माध्यमातून घडते आणि प्रश्न तेवढा शिल्लक राहतो.

त्वचेच्या विकारांच्या बाबतीत ही अडचण सौम्य आहे, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. यकृत किंवा हृदय डोळ्यांना दिसत नाही, त्वचा मात्र दिसते. म्हणून तिचे चित्र दूर पाठवता आले तर रोगनिदानही दूर बसून करता येईल, अशी ही अपेक्षा होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘टेलिडर्मेटॉलॉजी’ ही संज्ञा पुढे आली, तेव्हा तिच्यामागे हीच अपेक्षा होती. तथापि, दूरस्थ त्वचाचिकित्सेचा इतिहास छायाचित्राच्या किंवा संगणकाच्या शोधापासून सुरू होत नाही. तो अठराव्या शतकातील पत्रव्यवहारापर्यंत मागे नेता येतो. तसा तो मागे नेला असता लक्षात येते की, अंतर वाढले की पाहण्याचे आणि चाचपण्याचे काम रुग्णाच्या हाती जाते आणि त्या अनुभवाला शब्द देण्याची त्याची क्षमता ही चिकित्सेची अट ठरते.

प्रस्तुत निबंधात या क्षमतेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. रुग्णाला चिकित्सेत सक्रिय करणे, असा शब्दप्रयोग अलीकडे आरोग्यव्यवहारात सर्रास आढळतो. त्याचा अर्थ बहुधा रुग्णाने सूचना पाळाव्यात आणि छायाचित्रे वेळेवर पाठवावीत एवढाच घेतला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र या प्रसंगी एक निवेदक, एक वाचक आणि त्यांच्यामधील संहिता दिसते. ती संहिता कोणी रचावी, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी आहे.

२. पत्ररूप रुग्ण

अठराव्या शतकातील युरोपात सुस्थित रुग्णांनी दूरच्या ख्यातनाम वैद्याला पत्र लिहून सल्ला मागावा, ही प्रथा प्रतिष्ठित होती. लोझान येथील साम्युएल ओग्युस्त तिसो (१७२८–१७९७) आणि एडिंबरा येथील विल्यम कलेन (१७१०–१७९०) यांचे या प्रकारचे पत्रसंग्रह आजही सुरक्षित आहेत. तिसोला आलेली हजाराहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. कलेनच्या संग्रहात तर त्याने धाडलेल्या उत्तरांच्याही प्रती आहेत. त्या आधी लेखनिकांकरवी आणि १७८१ पासून जेम्स वॅटच्या नव्या नक्कलयंत्रावर काढल्या जात. या रुग्णांपैकी अनेकांना या वैद्यांनी कधीच पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर होता तो शब्दांनी घडवलेला देह.

या पत्रांचे लेखक नेहमी रुग्णच असत असे नाही. पती, वडील, गावचा शल्यवैद्य किंवा धर्मोपदेशक यांच्या हातून ती लिहिली जात. त्यामुळे एकाच आजाराची प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी अशी दोन निवेदने एकाच पाकिटातून जाण्याचा संभव असे. निवेदनाच्या दृष्टिकोनाचा जो प्रश्न कादंबरीच्या समीक्षेत पुढे चर्चिला गेला, तो या पत्रांत प्रत्यक्ष जगण्याच्या निकडीतून उपस्थित झालेला दिसतो. पत्रात्मक कादंबरीचा उत्कर्षकाळही हाच होता, हे तुलनाकारांना स्मरत असेलच.

तिसोचे कार्य या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. १७६१ मध्ये त्याने सामान्य जनांच्या आरोग्याविषयी फ्रेंचमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो लवकरच युरोपातील अनेक भाषांत गेला. वैद्यांपासून दूर राहणाऱ्या ग्रामीण जनतेला साहाय्य करू शकतील अशा धर्मोपदेशक, जमीनदार, शाळामास्तर आणि सुइणी यांच्यासाठी तो लिहिला होता. वैद्याला लिहिण्यापूर्वी कोणत्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असणे अगत्याचे आहे, याची एक सूचीच या ग्रंथात दिलेली आहे. वय काय, पूर्वीची प्रकृती कशी होती, राहणी कशी आहे, आजार कधी आणि कसा सुरू झाला, ताप आहे काय, अशा क्रमाने ती जाते. स्त्रिया व मुले यांच्यासाठी निराळे प्रश्न जोडलेले आहेत.

या सूचीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. वैद्याने विचारायचा प्रश्न येथे वैद्याच्या अनुपस्थितीत रुग्णाच्या घरी पोहोचतो आणि रुग्णाने तो स्वतःला विचारावा अशी अपेक्षा असते. स्वतःकडे पाहण्याची एक शिस्त त्यातून घडते. त्याच वेळी उत्तराचा विस्तार किती असावा, त्यात कोणती आठवण यावी, याचे स्वातंत्र्य लिहिणाऱ्याकडेच राहते. प्रश्न ठरलेले आणि उत्तर मात्र गद्यात, असा हा तोल आहे. पुढील काळात तो कसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे.

३. चित्ररूप रुग्ण

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्वचेचे विकार हे वैद्यकाचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून आकारास आले. लंडनच्या रॉबर्ट विलन याने १७९८ ते १८०८ या काळात आपला सचित्र ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. त्याने त्वचाविकारांची विभागणी आठ गणांत केली आणि तिचा निकष डोळ्यांना दिसणारे रूप हा ठेवला. पुटकुळी, खवला, पुरळ, फोड, पूययुक्त फोड, पाणीदार फोड, गाठ आणि डाग अशी ही जणू एक वर्णमाला होती. विलनच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य टॉमस बेटमन याने ते काम पुढे नेले.

या वर्णमालेमुळे निरनिराळ्या देशांतील वैद्यांना एकाच विकाराविषयी एका भाषेत बोलणे शक्य झाले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र तिच्यात खाज, आग, ठणका किंवा बधिरपणा यांना वर्गीकरणाचा पाया म्हणून स्थान नव्हते. पत्रलेखक रुग्ण ज्या गोष्टीने सुरुवात करी, ती गोष्ट आता दुय्यम झाली.

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात ही प्रवृत्ती परमोत्कर्षाला पोहोचली. तेथे झ्यूल बारेता हा कारागीर रुग्णाच्या त्वचेचा ठसा घेऊन रंगीत मेणाच्या प्रतिकृती घडवत असे. पूर्वी तो कागदाच्या लगद्याची फळे बनवून विकत असे. त्याची पहिली प्रतिकृती १८६७ मध्ये तेथे दाखल झाली. १८८९ मध्ये त्वचारोगांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला भरली, तेव्हा या प्रतिकृतींचे संग्रहालय विद्वानांपुढे आले. आज तेथे ४,८०० हून अधिक प्रतिकृती आहेत. या मेणात विकाराचा रंग आणि उंचसखलपणा राखलेला आहे, परंतु ज्याच्या अंगावरून तो ठसा घेतला त्याचे म्हणणे त्यात नाही.

छायाचित्राची वाटचालही याच दिशेने झाली. लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर याने १८६५ मध्ये त्वचाविकारांच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या काळी छायाचित्राला रंग नसे, म्हणून ती चित्रे हाताने रंगवली गेली. त्वचेच्या निदानात ज्या रंगाला एवढे महत्त्व, तो रंग रंगवणाऱ्याच्या हातून उमटलेला होता. यंत्राने टिपलेले दर्शनही मध्यस्थाशिवाय घडत नाही, याचे हे आरंभीचे उदाहरण आहे.

मुंबईचा संबंध या इतिहासाशी लवकर आला. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी तो १८७३ मध्ये नॉर्वेला गेला आणि १८७४ मध्ये त्याने या विषयावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार केले. भाऊ दाजी हे प्राचीन शिलालेखांचे वाचक होते आणि मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीशीही त्यांचा संबंध होता. झिजलेला लेख वाचणे आणि डागाळलेली त्वचा वाचणे, ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्याचा हा योग होता. परंतु शिलालेखाला विचारता येत नाही, रोग्याला विचारता येते. त्वचेला केवळ वाचनीय लेख मानणाऱ्या दृष्टीची मर्यादा नेमकी येथे आहे.

४. न दिसणारे लक्षण

ही मर्यादा सर्वांत स्पष्ट होते ती कुष्ठरोगात. त्वचेवरील फिकट किंवा लालसर चट्ट्यात संवेदना नसणे, हे या रोगाचे एक प्रमुख लक्षण आहे. चट्टा दिसतो, बधिरपणा दिसत नाही. तो तपासण्याची रूढ रीत साधी आहे. रुग्णाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने कापसाच्या बोळ्याने किंवा पेनाच्या टोकाने त्वचेला हलकेच स्पर्श करायचा आणि जेथे स्पर्श जाणवला तेथे रुग्णाने बोट ठेवायचे. या परीक्षेत दर्शन रुग्णापुरते मुद्दाम बंद केलेले असते, आणि निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो. छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ते हे उत्तर देऊ शकत नाही.

कुष्ठरोगाच्या इतिहासात स्पर्शाला वैद्यकापलीकडचाही अर्थ आहे. संस्कृतचे व्यासंगी पंडित परचुरे शास्त्री यांना हा रोग होता. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केले. ज्या रोगात समाज अंतर राखतो तेथे स्पर्श हीच उपचाराची सुरुवात ठरते, हे त्या कृतीने दाखवले. वर्ध्यातच १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीच्या आधारे रुग्णाला त्याच्या गावातच औषध देण्याची पद्धत तेथे रुजली. केंद्र सरकारने ३० जानेवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या कुष्ठरोग जागृती मोहिमेचे नाव ‘स्पर्श’ असे आहे, ही गोष्टही या परंपरेशी सुसंगत आहे.

स्वतःच्या देहाची देखरेख रुग्णाकडे सोपवण्याचे शास्त्रीय कारण मात्र वेल्लोरला स्पष्ट झाले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगामुळे आपोआप झडून जातात, अशी तोवर सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांच्या निरीक्षणातून दिसले की, वेदना न जाणवल्यामुळे होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहणाऱ्या इजा हे या हानीचे मोठे कारण आहे. गरम भांडे, बोचणारा खिळा, घट्ट चप्पल यांची सूचना देणारी वेदनाच तेथे नसते. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात, हेही तेव्हाच ध्यानात आले, आणि घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची व्यवस्था करण्यात आली.

हा शोध रुग्णांच्या सहभागाशिवाय शक्य नव्हता. प्रत्येक जखम कशी झाली, तेव्हा हातात काय होते, आदल्या दिवशी कोणते काम केले, याचा माग त्यांनीच काढायचा होता. वेदनेच्या अभावी दृष्टीने तिची जागा घ्यायची होती. म्हणून रोज हातपाय निरखणे, कोरडी त्वचा पाण्यात भिजवणे, घट्टे हलकेच घासून काढणे, तेल लावणे, मऊ तळाच्या एम. सी. आर. चपला वापरणे, हा नित्यक्रम पुढे कुष्ठसेवेत सर्वत्र स्वीकारला गेला. इथिओपियात १९९५ पासून रुग्णांचे स्वयंसेवा गट स्थापन झाले आणि हा नित्यक्रम सामूहिक झाला. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथील राष्ट्रीय कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे हेच तत्त्व मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांनाही लागू करण्यात आले. डॉक्टर दूर असतानाच्या ३६४ दिवसांत त्वचेचे काय होते, यावर पाय राहणार की जाणार हे ठरते, अशी जाणीव या कार्याच्या मुळाशी आहे.

कार्व्हिलचे आणखी एक वैशिष्ट्य वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदवावे असे आहे. तेथील रुग्ण स्टॅन्ली स्टाइन यांनी १९३१ मध्ये रुग्णांचे नियतकालिक सुरू केले. १९४१ पासून ते ‘द स्टार’ या नावाने पुन्हा निघू लागले. कलंक चिकटलेल्या जुन्या नावाऐवजी ‘हॅन्सनचा रोग’ हे नाव वापरले जावे, असा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. याच संस्थेतून बाहेर जाणारी पत्रे अनेक वर्षे निर्जंतुक करून धाडली जात. तिसोच्या काळात रुग्णाचे पत्र हा वैद्याकडे जाण्याचा मार्ग होता. येथे पत्रच संशयित ठरले. तरीही लिहिणे थांबले नाही, आणि आपल्या रोगाचे नाव ठरवण्याचा हक्क रुग्णांनी लेखनाच्या बळावर मागितला.

५. पडद्यावरील त्वचा

‘टेलिडर्मेटॉलॉजी’ ही संज्ञा १९९५ मध्ये पेरेड्निया आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांच्या लेखातून प्रचारात आली. तिच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत रुग्ण आणि डॉक्टर पडद्यावर समोरासमोर असतात. दुसऱ्या रीतीत छायाचित्रे आणि माहिती साठवून पाठवली जाते आणि डॉक्टर ती सवडीने पाहतो. भारतात आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावी २००० मध्ये दूरवैद्यकाचे केंद्र सुरू झाले. आरंभीच्या अशा केंद्रांत कॅमेरा आरोग्यसेवकाच्या हाती असे. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याने तो रुग्णाच्या हाती दिला. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे देशात लागू झाली. दृश्य, श्राव्य आणि लिखित अशा तिन्ही माध्यमांना त्यांनी मान्यता दिली, आणि दूरस्थ सल्ला पुरेसा नाही असे वाटल्यास रुग्णाला प्रत्यक्ष बोलावण्याचा निर्णय डॉक्टरवर सोपवला. एप्रिल २०२० मध्ये ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेची थेट रुग्णांसाठीची शाखा सुरू झाली.

या व्यवस्थेत रुग्णाकडे प्रथम छायाचित्रकाराची भूमिका येते. दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर, एक चित्र लांबून आणि एक जवळून घ्यावे, आकार कळण्यासाठी शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, विकार नसलेल्या बाजूचेही चित्र द्यावे, अशा सूचना त्याला दिल्या जातात. त्या उपयुक्तच आहेत. लांबून घेतलेले चित्र विकार कोठे पसरला आहे हे सांगते, जवळचे त्याचे रूप सांगते. परंतु छायाचित्र एका क्षणाचे असते. गांधी सकाळी उठतात आणि दुपारपर्यंत मावळतात. खाज रात्री वाढते आणि घरातील इतरांनाही सुटते. हा काळाचा आणि नात्यांचा तपशील निवेदनातच मावतो. खरजेसारख्या विकारात तर तोच निदानाचा मोठा आधार असतो.

रंगाचा प्रश्नही स्क्वायरच्या काळाप्रमाणेच कायम आहे. पाठ्यग्रंथांतील चित्रे दीर्घकाळ मुख्यतः गोऱ्या त्वचेची राहिली. गोऱ्या त्वचेवर जी सूज लाल दिसते, ती सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी किंवा केवळ अधिक गडद दिसू शकते. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मालोन मुकवेंडे या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने सावळ्या व काळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका प्रसिद्ध झाली, ती ही उणीव भरून काढण्यासाठीच. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सुमारे १,२९,४५० प्रतिमांवर संगणकाला प्रशिक्षित करून त्वचेच्या कर्करोगाची ओळख करवून दाखवली. विलनचा दृश्यरूपावरील विश्वास तेथे नव्या सामर्थ्याने पुन्हा प्रकट झाला, असे म्हणता येईल.

प्रश्नांच्या सूचीचेही रूपांतर झाले. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये त्वचाविकाराचा जीवनावरील परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज ती शंभराहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण आणि एकूण ३० गुण, अशी तिची रचना आहे. कपडे, काम, खेळ, आप्तसंबंध यांविषयी विचारून तिने रुग्णाच्या जगण्याला वैद्यकीय नोंदीत स्थान दिले, हे मोठेच कार्य होय. मात्र खाज, दुखरेपणा, वेदना आणि चुरचुर या चार संवेदना तिच्या पहिल्याच प्रश्नात एकत्र येतात आणि रुग्णाने एका खुणेत त्यांचे उत्तर द्यायचे असते. तिसोच्या सूचीत प्रश्न ठरलेले आणि उत्तर मोकळे होते. येथे उत्तरही ठरलेले आहे. तुलनेला सोयीची संख्या मिळते, आणि तिच्या मोबदल्यात वाक्य सोडावे लागते.

६. भाषांमधील त्वचा

भारतासारख्या बहुभाषिक देशात या देवघेवीला आणखी एक पदर आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले आहेत. म्हणजे ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचाविकारांच्या एका विस्तृत प्रदेशाचा वाचक होता. त्याच शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला ‘कोड’ मराठीत त्वचेचा रंग जाऊन पडणाऱ्या पांढऱ्या डागांना लावला जातो. हा विकार संसर्गजन्य नाही. हिंदीतील ‘कोढ़’ मात्र कुष्ठरोगाचा वाचक आहे. दिल्लीत किंवा भोपाळमध्ये राहणाऱ्या मराठीभाषक रुग्णाने हिंदीभाषक डॉक्टरला दूरध्वनीवरून आपल्याला कोड असल्याचे सांगितले, तर एकाच मुळाचे हे दोन शब्द त्याला भलत्याच रोगात नेऊन ठेवतील. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाने कोड असलेल्या तरुणीच्या वाट्याला येणारी सामाजिक नजर विषय म्हणून घेतली. ही नजर काही अंशी शब्दाच्या या गुंतागुंतीतूनही घडलेली आहे.

अशी उदाहरणे आणखी देता येतात. मराठीत खाज ही संवेदना आणि खरूज हा विकार यांना स्वतंत्र शब्द आहेत. हिंदीतील ‘खुजली’ दोहोंसाठी वापरला जातो. अंगावर पित्त उठणे, नागीण होणे, गजकर्ण, नायटा, इसब, घामोळे हे शब्द केवळ नावे नसून त्यांत कारणाविषयीची, रूपाविषयीची किंवा गतीविषयीची एक कल्पना अंतर्भूत आहे. संवेदनांचे शब्द तर याहून सूक्ष्म आहेत. हुळहुळणे, चुरचुरणे, चरचरणे, ठणकणे, मुंग्या येणे आणि बधिर होणे यांत मराठीभाषक सहज फरक करतो. मुंग्या येणे आणि बधिर होणे हे मज्जातंतूच्या विकाराकडे बोट दाखवणारे शब्द आहेत. भाषांतरात ते ‘त्रास’ या एका शब्दात विरले, तर निदानाचा धागाच हातातून निसटतो. येथे भाषांतर हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. एखाद्या बधिर चट्ट्याची वेळीच दखल घेतली जाईल की नाही, हे त्यावर ठरू शकते.

७. समारोप

रुग्णाच्या सक्रियतेचा पुरस्कार करताना तिची दुसरी बाजूही दृष्टिआड करता येत नाही. नायट्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम आणून लावणारा रुग्णही आपल्या परीने सक्रियच असतो. खाज थांबते, लाली ओसरते, नायटा मात्र रूप बदलून पसरत राहतो आणि पुढे छायाचित्रात ओळखू येईनासा होतो. ही गोष्ट शब्दांनीच उघड होते. कोणते मलम, किती दिवस, कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारले गेले पाहिजे आणि ते सांगताना रुग्णाला अपराधी वाटता कामा नये. तसेच देखरेखीचे काम रुग्णावर सोपवताना संस्थेने आपली जबाबदारीही त्याच्यावर ढकलू नये. बधिर पायाची काळजी घ्यायला सांगणाऱ्याने चपला पुरवल्या पाहिजेत. छायाचित्र मागणाऱ्याने ते कोण पाहणार आणि कोठे राहणार हे सांगितले पाहिजे. ज्यांच्या दृष्टीत, हातांत किंवा साक्षरतेत अडचण आहे, त्यांच्यासाठी आशा कार्यकर्ती किंवा घरातील व्यक्ती मध्यस्थ होईल. अठराव्या शतकातील पत्रलेखक शाळामास्तराप्रमाणे तीही निवेदकच असेल. म्हणून तिचे शब्द कोणते आणि रुग्णाचे कोणते, हे वेगळे नोंदवले जाणे इष्ट आहे.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन साधनांपैकी दर्शन यंत्राच्या साहाय्याने दूरवर नेता आले. स्पर्शन रुग्णाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या निकटवर्तीयाच्या हाताकडे आले. प्रश्नाचे भवितव्य अद्याप ठरायचे आहे. तो ठरलेल्या चौकटीतील खुणेपुरता राहील, किंवा त्याला रुग्णाच्या भाषेतील काही वाक्यांची जागा ठेवली जाईल. दूरस्थ सल्ल्याच्या अर्जात छायाचित्रांच्या शेजारी मातृभाषेत लिहिण्यासाठी किंवा बोलून नोंदवण्यासाठी मोकळी जागा असणे ही तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक बाब आहे. ती वाचण्याची व्यवस्था मात्र क्षुल्लक नाही.

या कामात भाषा-साहित्याच्या विभागांना करण्यासारखे पुष्कळ आहे. भारतीय भाषांतील त्वचाविषयक शब्दांचा तुलनात्मक कोश, एकाच प्रश्नावलीच्या निरनिराळ्या भाषांतरांची चिकित्सा, पत्रे आणि रुग्णांची नियतकालिके यांचा निवेदनशास्त्रीय अभ्यास, ही त्यांतील काही कामे होत. कोड आणि कोढ़ यांतील अंतर कोशकाराला ठाऊक असते. ते दूरध्वनीच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरलाही ठाऊक व्हावे, एवढे साधले तरी या अभ्यासाचे प्रयोजन पुष्कळसे सिद्ध होईल.